छतावर ऊन, मग अडते कुठे?

सांगलीच्या विश्रामबागेतले एखादे दुमजली घर डोळ्यांसमोर आणा. महिन्याला अडीचशे युनिट वीज लागते, उन्हाळ्यात थोडी जास्त. गेल्या वर्षी सौर पॅनेल बसवणारा विक्रेता येऊन गच्चीचे मोजमाप घेऊन गेला आणि अंदाजपत्रक देऊन गेला. घरात कुणीही 'नको' म्हणाले नाही. वडील म्हणाले, ''दिवाळी झाली की बघू.'' मुलगा म्हणाला, ''अजून स्वस्त होतील.'' आईने विचारले, ''मग सांडगे-कुरडया वाळवायच्या कुठे?'' कागद टीव्हीखालच्या खणात गेला आणि तिथेच राहिला. मधल्या काळात विजेची बारा बिले भरून झाली. २०२४-२५ च्या दराने ती रक्कम ३३ ते ३४ हजारांच्या घरात जाते. त्या पैशांवर मात्र घरात एकदाही चर्चा झाली नाही.

आता साताऱ्याच्या पाटण तालुक्यात या. कोयनेच्या धरणाचा आणि पठारावरच्या पवनचक्क्यांचा हा तालुका. इथली मान्याचीवाडी सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. गावातली १०२ घरे सौरविजेवर आली, शिवाय शाळा, ग्रामपंचायत, रस्त्यावरचे दिवेही. गाव लहान, डोंगराळ भागातले, पावसाळ्यात दिवसेंदिवस ढगाखाली राहणारे. ऊन हाच निकष असता तर सांगली-मिरजेच्या गच्च्या कधीच भरायला हव्या होत्या.

अनुदान दोन्हीकडे सारखेच आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर केलेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये मिळतात. १ किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास, म्हणजे महिन्याला ११०-१२० युनिट वीज तयार करते आणि त्याला शंभर चौरस फुटांच्या आसपास जागा लागते. पॅनेलची हमी साधारण २५ वर्षांची असते. हे आकडे बहुतेकांना ठाऊक झाले आहेत. तरीही कागद खणात राहतो, आणि तो का राहतो, याचे उत्तर मानसशास्त्राकडे बऱ्यापैकी आहे.

डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की माणूस नफा आणि तोटा एकाच तराजूत तोलत नाही. शंभर रुपये हरवल्याचे दुःख हे शंभर रुपये सापडल्याच्या आनंदापेक्षा मोठे असते. १९९२ च्या त्यांच्या अंदाजानुसार सुमारे सव्वादोन पट. पण तोटा कशाला म्हणायचे, हेही मनच ठरवते. पॅनेलसाठी एकदम काढलेले सत्तर हजार रुपये तोट्यासारखे टोचतात. वीजबिल टोचत नाही, कारण ते 'लागतेच'. ते घरखर्चाच्या खात्यात आधीच मांडलेले असते. विल्यम सॅम्युएलसन आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी १९८८ मध्ये या वृत्तीला 'जैसे थे'कडचा कल म्हटले. काही केले आणि चुकले तर घरातले बोट दाखवतात. काही न करता दरवर्षी तीस हजार गेले तर बोट दाखवायला कुणी नसते.

'दिवाळीनंतर' या शब्दात दुसरी गोष्ट दडलेली आहे. उद्याचा रुपया आजच्या रुपयापेक्षा लहान वाटतो. किती लहान, हे मोजण्याचा प्रयत्न अर्थतज्ज्ञ जेरी हाउसमन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या एअर कंडिशनरच्या खरेदीवरून केला. थोडे जास्त पैसे देऊन कमी वीज खाणारे यंत्र घेणे फायद्याचे असतानाही लोक स्वस्त यंत्र घेत होते. जणू भविष्यातल्या बचतीवर ते वर्षाला २० टक्क्यांच्या आसपास दराने कात्री चालवत होते. उत्पन्न जितके कमी, तितकी कात्री मोठी.

सौर पॅनेलबाबत असाच अभ्यास बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात झाला. तिथे सरकारने सुरुवातीला रोख अनुदान देण्याऐवजी तयार होणाऱ्या प्रत्येक युनिटामागे पुढची अनेक वर्षे पैसे देण्याची हमी दिली होती. ओलिव्हिए दे ग्रोते आणि फ्रँक व्हर्बोव्हेन यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात असे दिसले की घरे या पुढच्या पैशांवर साधारण १५ टक्के दराने कात्री लावत होती. म्हणजे दहा वर्षांनी मिळणारे शंभर रुपये आज त्यांना पंचवीसच रुपये वाटत. ७ टक्क्यांच्या हिशेबाने तेच शंभर आज पन्नासचे ठरतात. एवढाच पैसा सुरुवातीलाच हातात ठेवला असता, तर सरकारला तेवढीच पॅनेल बऱ्याच कमी खर्चात बसवता आली असती, असा त्यांचा निष्कर्ष.

आपल्याकडचे अनुदान सुरुवातीचे आहे, ही जमेची बाजू. पण ते अगदी सुरुवातीचेही नाही. पॅनेल बसवून, मीटर बदलून, तपासणी झाल्यावर ते बँक खात्यात येते. तोवर पूर्ण रक्कम तरी घालावी लागते किंवा कर्ज तरी काढावे लागते. कृष्णाकाठच्या ऊस पिकवणाऱ्या घराला ही गोष्ट शहरातल्या पगारदारापेक्षा वेगळी भासते. त्याचा पैसा दरमहा येत नाही, कारखान्याच्या बिलाने येतो आणि येण्याआधीच वाटला गेलेला असतो. सोसायटीचे कर्ज, मुलांची फी, कुणाचे तरी लग्न. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर याला मनातली खाती म्हणतात. सत्तर हजार घरात असतात, पण ते 'पॅनेलचे' नसतात. अशा घराने आजचा रुपया घट्ट धरला तर त्याला केवळ मनाची चूक म्हणता येणार नाही. ज्याला अडचणीला सावकाराकडे किंवा सोनेतारणाकडे जावे लागते, त्याच्यासाठी हातातली रोकड खरोखरच महाग असते.

म्हणूनच हप्त्याची मांडणी मनाला वेगळी लागते. योजना मंजूर झाली तेव्हा ३ किलोवॅटपर्यंतच्या पॅनेलला सुमारे ७ टक्के व्याजाने तारणाशिवाय कर्ज देऊ केले गेले. विश्रामबागेतल्या त्या घराने २ किलोवॅट घेतले आणि १ लाख ३० हजारांतून ६० हजार अनुदान वजा जाऊन ७० हजार उरले, असे धरू. पाच वर्षांचा हप्ता महिन्याला चौदाशे रुपयांच्या आत बसतो. बिलातली घट अडीच हजारांच्या आसपास. 'सत्तर हजार घाला' आणि 'बिलाऐवजी बिलापेक्षा लहान हप्ता भरा' या दोन्ही वाक्यांतला व्यवहार एकच आहे. फरक इतकाच की दुसऱ्या वाक्यात पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जात नाहीत, वीजबिलाच्याच खात्यात राहतात.

ही अडीच हजारांची घट कुठून आली, ते पाहायला हवे. कारण मोठी गफलत इथे होते, आणि ती दोन्ही दिशांनी होते.

वीज सरसकट एका दराने मिळत नाही. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरात, वहन आकार धरून, पहिल्या शंभर युनिटांना जेमतेम ६ रुपये पडत, १०१ ते ३०० पर्यंतच्या युनिटांना साडेअकराच्या आसपास आणि त्यापुढे ५०० पर्यंत पंधरा-सोळा. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. दर नंतर बदलत राहिले, पण पायऱ्यांची रचना तीच आहे. पॅनेलची वीज बिलातून वजा होते ती वरच्या, महागड्या पायरीपासून. २५० युनिटांच्या घरात पहिला किलोवॅट जवळजवळ सगळा साडेअकराच्या पायरीवर काम करतो आणि महिन्याला दीड हजारांची बचत देतो. शंभर युनिटांच्या घरात तोच किलोवॅट ६ रुपयांची वीज वाचवतो, म्हणजे महिन्याला सातशेच्या आत. पॅनेल तेच, ऊन तेच, पण किंमत निम्म्याहून कमी.

लोक हा हिशेब असा करत नाहीत. बिलाच्या रकमेला युनिटांनी भागतात आणि येणारा सरासरी दर धरतात. कोईचिरो इतो यांनी कॅलिफोर्नियातल्या घरांच्या बिलांवरून २०१४ मध्ये नेमके हेच दाखवले. पायऱ्यांचा दर असूनही माणसे शेवटच्या युनिटाच्या दराला नव्हे, सरासरी दराला प्रतिसाद देतात. सांगलीतल्या २५० युनिटांच्या घराला त्यामुळे पॅनेलचा फायदा खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

उलटी चूक शेजारच्या घरात होते. तिथे वापर शंभर युनिटांचा, पण जाहिरातीतला '७८ हजार' हा आकडा डोक्यात घट्ट बसलेला. पूर्ण अनुदान मिळवायचे तर ३ किलोवॅट घ्यायला हवे, म्हणून तेवढे घेतले जाते. बाजारभाव किलोवॅटला ६०-६५ हजारांच्या आसपास धरला तर १ किलोवॅट अनुदान वजा जाता ३५ हजारांना पडते, तीन किलोवॅट १ लाख १० हजारांच्या पुढे. जादाचे पंच्याहत्तर हजार घालून मिळतात ती मुख्यतः न वापरलेली युनिटे. वर्षअखेरीस त्यांना मिळणारा दर घरगुती दराच्या तुलनेत बराच कमी असतो. अनुदान 'वाया जाऊ नये' म्हणून खिशातले जास्त घालण्याचा हा प्रकार. साडीच्या सेलमध्येही हेच घडते, फक्त तिथला कागद लहान असतो. शंभर युनिटांखालच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांसाठी राज्याने २०२५ मध्ये जादा अनुदान जाहीर केले तेही १ किलोवॅटपुरतेच, हे इथे ध्यानात घेण्याजोगे.

मान्याचीवाडीचा एक तपशील या संदर्भात बोलका आहे. १०२ घरांच्या या गावाची सौर क्षमता ११२ किलोवॅट. म्हणजे घरटी सरासरी एका किलोवॅटच्या आसपास. सर्वांत मोठा आकडा पाहून नव्हे, गरजेपुरते घेतलेले गाव आहे हे.

आता भीतीकडे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर गेले. ते ज्यांनी पाहिले त्यांच्यापुढे घरात काहीही महागडे बसवायचा विषय निघाला की आधी ते पाणी उभे राहते. चटकन आठवणारी गोष्ट अधिक शक्य वाटते, हेही कानेमन-ट्वर्स्कींचेच निरीक्षण. ही भीती निराधार नाही, पण ती चुकीच्या जागी बसते. गच्चीवरच्या पॅनेलला पुराचा धोका कमी. धोका असतो तो खाली जिन्याजवळ बसवलेल्या इन्व्हर्टरला आणि जोडणीच्या पेटीला. पूररेषेतल्या घराने विक्रेत्याला विचारायचा प्रश्न 'पॅनेल टिकेल का' हा नसून 'इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर लावाल का' हा आहे.

गारपिटीचेही तसेच. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळचा द्राक्षबागायतदार गारांचे नाव काढले की गप्प होतो. पॅनेलची काच कडक केलेली असते आणि आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीत तिच्यावर २५ मिलिमीटरचे बर्फाचे गोळे ताशी ८० किलोमीटरहून जास्त वेगाने मारले जातात. त्याहून मोठ्या गारेची हमी कुणी देत नाही, तिथे विमा उपयोगी पडतो. गंमत अशी की हाच बागायतदार दरवर्षी एकरी लाखो रुपये छाटणी, औषधे आणि मजुरीत घालतो आणि अवकाळीचा एक पाऊस ते धुऊन नेऊ शकतो हे त्याला पक्के माहीत असते. डॅनियल एल्सबर्ग यांनी १९६१ मध्ये हे कोडे मांडले होते. माणसाला मोठ्या धोक्याची तितकी भीती नसते, जितकी अनोळखी धोक्याची असते. द्राक्षाचा धोका पिढीजात आहे. इन्व्हर्टरचा नाही.

बसवल्यानंतरचा पस्तावाही बराचसा आधीच्या अपेक्षेतून येतो. 'बिल शून्य' हे शब्द एकदा कानावर पडले की मन शून्यावरून मोजायला लागते. मग स्थिर आकार आणि त्यावरचे शुल्क मिळून दीडशे रुपयांचे बिल आले की पावणेसत्तावीसशे वाचल्याचा आनंद होण्याऐवजी दीडशे गेल्याची फसवणूक वाटते. दुसरी अपेक्षा भारनियमनाची. 'लाइट गेली तरी आपली सुरू राहणार ना?' असे जवळजवळ प्रत्येक घरात विचारले जाते. बॅटरी नसलेली, वाहिनीला जोडलेली साधी यंत्रणा वीज गेली की स्वतःहून बंद पडते. तसे न झाले तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. विक्रेत्याने हे आधी सांगितले तर ती माहिती असते, नंतर कळले तर तक्रार होते, आणि ती तक्रार पारावर पोचायला वेळ लागत नाही.

जुलैच्या बिलावरून सगळ्या यंत्रणेचा निकाल लावणे हीसुद्धा अशीच घाई. पाटण-जावळीकडे पावसाळ्यात निर्मिती चांगलीच घटते. पण नेट मीटरिंगमध्ये जादा युनिटे आर्थिक वर्षभर पुढे ओढली जातात. एप्रिल-मेमध्ये साठलेली युनिटे जुलै-ऑगस्टमध्ये वापरता येतात. जूनमध्ये पॅनेल बसवणाऱ्याला पहिल्या वर्षी ही शिल्लकच नसते, म्हणून त्याला ते कुचकामी वाटते. आणि माणदेशातल्या उन्हाबद्दल एक उलटा समज आहे. जितके जास्त तापेल तितकी जास्त वीज, असा. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. २५ अंशांच्या वर पॅनेल तापले की दर अंशाला क्षमता ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते आणि मेच्या दुपारी त्याचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत सहज जातो. साखर कारखान्यांची धुराडी पेटली की गच्चीवर बसणारी काजळी वेगळीच. ती वेळेवर धुतली नाही तर हिवाळ्यातले स्वच्छ ऊन वाया जाते.

या सगळ्या गोंधळातून माणूस बाहेर पडतो तो माहितीपत्रक वाचून नव्हे, शेजाऱ्याकडे पाहून. ब्रायन बोलिंजर आणि केनेथ गिलिंगहॅम यांनी २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नोंदी तपासल्या तेव्हा एकाच पिनकोडच्या हद्दीत एक नवे पॅनेल बसले की तिथे आणखी एक बसण्याची शक्यता ०.७८ टक्के अंकांनी वाढते असे आढळले. आकडा लहान दिसतो, पण प्रत्येक नवे छप्पर पुढच्याला थोडे ढकलते आणि ढकल साचत जाते. त्याहून नेमका धडा कनेक्टिकट राज्यातला. तिथे ५८ गावांत स्थानिक स्वयंसेवकांनी पॅनेलचा प्रचार केला. २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या विश्लेषणानुसार, ज्या प्रचारकांनी स्वतःच्या घरावर पॅनेल बसवले होते त्यांनी इतरांच्या तुलनेत सुमारे ६३ टक्के जास्त घरे जोडली. बोलणारा किती चांगले बोलतो यापेक्षा त्याच्या छतावर काय आहे, हे लोक पाहतात.

या दोन जिल्ह्यांना ही गोष्ट नवी नाही. ग्रामस्वच्छता अभियान ज्यांनी राज्यभर नेले ते आर. आर. पाटील तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. त्या अभियानात गावे झाडली गेली ती परिपत्रकामुळे कमी आणि सरपंच स्वतः खराटा घेऊन उतरला म्हणून जास्त. लहान वाडीत कुणाच्या घरावर काय बसले आणि कुणाचे बिल किती आले हे झाकून राहत नाही, आणि सगळे गावच ठरवते तेव्हा मागे राहणे हीच वेगळी, टोचणारी गोष्ट होते. तिथे 'जैसे थे' बदलून जाते. विश्रामबागेत मात्र शेजारच्या गच्चीवर पॅनेल दिसते, त्याचे बिल दिसत नाही. गृहनिर्माण संस्थेच्या सूचनाफलकावर एका घराची आधीची बारा आणि नंतरची बारा बिले लागली, तर विक्रेत्याच्या दहा फेऱ्यांपेक्षा जास्त काम होईल.

अर्थात प्रत्येक नकारामागे मनाचा खेळ शोधणेही बरे नाही. विटा, खानापूर, आटपाडीकडच्या गलाई व्यवसायातल्या कुटुंबांचे बंगले वर्षातले बरेच महिने बंद असतात. माणसे देशभर विखुरलेली. बंद घराच्या छतावर पॅनेल कशाला? कौलारू घर, शेजारच्या इमारतीची सावली, भावाभावांतली सामाईक गच्ची, भाड्याचे घर, महिना ६० युनिटांचा वापर ही सगळी कारणे पुरेशी आहेत. कुरडया वाळवण्याचा प्रश्नही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गच्चीचा तो उपयोग खरा आहे, आणि सांगाडा डोक्याएवढ्या उंचीवर घेतला तर खाली जागाही राहते. त्याचा खर्च थोडा वाढतो, तो अंदाजपत्रकात आधीच मागून घ्यावा.

आणि पुष्कळदा कागद खणात राहतो तो मनामुळे नव्हे, नावामुळे. मीटर अजून आजोबांच्या नावावर असते, आजोबा जाऊन दहा वर्षे झालेली. अनुदानासाठी वीजजोडणी, आधार आणि बँक खाते एकाच माणसाचे लागते. नाव बदलायला वारसांची संमती लागते, त्यातला एक पुण्यात, एक मुंबईत. तिथे कुणीतरी 'गणपतीत सगळे आले की सह्या घेऊ' म्हणते. या एका वाक्याला मात्र तारीख असते. तेवढ्या सह्या झाल्या तर हिवाळ्यात काम सुरू होते, आणि पॅनेल एप्रिलच्या आधी छतावर चढते. नेट मीटरचे वर्ष तेव्हाच सुरू होते.